मक्याचा चाप

मामा, परवा तुमच्या बाराव्याला मी जेवलो. पंगतीत बसलो, भात दोनदा घेतला, पेटीवाले विठूअण्णा खीर वाढायला आले तेव्हा नको म्हणालो नाही. मनाला टोचणी लागलेली असली की घास उतरत नाही असं लोक म्हणतात. तसं काही नसतं. माझा चांगला उतरला.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी आधारकार्डाला प्लास्टिक चढवत होतो. फोन ठेवला आणि मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. रडू नंतर आलं, आणि खरं आलं, पण आधी तो शब्द आला. तीन वर्षं तुमच्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली होती, ती आता तुम्हाला कळायची धास्ती संपली. तुमच्या मरणावर असा सुटकेचा श्वास टाकणारा माणूस तुमच्या पंगतीत बसून जेवत होता आणि त्याला तुमच्याच माणसांनी आग्रह करकरून वाढलं.

तुम्ही नात्यातले मामा नव्हे; माझ्याकडे पहिल्यांदा आलात ते बांबूचा एक तुकडा घेऊन. जोयड्यात कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. उतारे, दाखले, रेशनकार्डं, हेच काम. तुम्ही रांगेत उभे राहिलात, नंबर आला तसा पिशवीतनं तो तुकडा काढून मशीनच्या काचेवर ठेवलात आणि म्हणालात, ह्येची एक झेरॉक्स काढ. रांग हसली, मी हसलो, मग तुम्हीही हसलात. पण तुकडा काही उचलला नाहीत. एकच हाय, हरवला तर पंचाईत, दुसरा तासायला आता नजर पुरत न्हाई, असं तुमचं म्हणणं. मी चेष्टेनं झाकण पाडून नक्कल काढून दिली. कागदावर भाजलेल्या केळ्यासारखं काहीतरी काळं उमटलं. तुम्ही तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, आकार तर आला, आता वस्तू कधी येणार ते सांग.

तो तुकडा म्हणजे तुमचा चाप. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तरुणपणी लाकूड कापायच्या गिरणीत तुमच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं. उरलेल्या तीन बोटांवर तुम्ही मेंडोलिन शिकलात. तीन बोटांना दांडीवर वरखाली पळणं जमत नाही, म्हणून सगळी भजनं तुम्ही एकाच जागी बसवलेली. पण गाणारे थोडेच एका सुरात गातात? तुमच्या भजनी मंडळातल्या एका बुवांना काळी एक लागायची, दुसरे काळी दोनच्या खाली यायला तयार नसायचे. मग तुम्ही बांबूची कामटी तासून, तिच्या खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून, ती दांडीवर आडवी आवळायचात. आठही तारा सारख्या दाबल्या जायच्या, वाद्य दोन पडदे वर चढायचं आणि तुमची तीन बोटं त्याच ओळखीच्या जागांवर फिरायची. गिटारवाले ह्याला कॅपो म्हणतात, असं मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं. तुम्ही म्हणालात, म्हणू देत की.

पुढच्या वर्षी मी थ्रीडी प्रिंटर घेतला. बेळगावच्या एका मित्रानं वापरलेला, टेबलावर मावेल एवढा. प्लास्टिकची तार आत जाते, वितळून सुईसारख्या तोंडातून बाहेर येते आणि कढईत जिलबी सोडावी तशी थरावर थर बसत वस्तू उभी राहते. जोयड्यात ही बातमी दुपारपर्यंत पसरली. लोक बघायला आले. एकानं विचारलं, ह्यातनं भाकरी निघती काय. तुम्ही मात्र काही न विचारता खिशातनं तो जुना कागद काढून माझ्यासमोर ठेवलात. वर्षभर जपून ठेवला होता. घडीवर फाटला होता.

मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत चाप हातात येईल. दीड महिना लागला. पहिला दांडीवर बसेचना. दुसरा बसला पण बाजूच्या तारा मोकळ्या राहिल्या. तिसऱ्याला तीन तास झाले आणि करंट गेला. चौथ्याच्या वेळी परत गेला. तुम्ही दर मंगळवारी बाजाराला यायचात, मेंडोलिन पाठीला लावून, आणि दुकानातल्या बाकावर बसून मशीनकडे बघत राहायचात. पिशवीत माझ्यासाठी कोनफळं असायची. एकदा तासभर बघून तुम्ही म्हणालात, “आमी लाकडातलं काढून काढून वस्तू करतो. ह्यो घालून घालून करतोय. काढताना चूक झाली तर वस्तू गेली. ह्याचं बरं हाय, चुकलं तर आनि घालायचं.” चूक झाल्यावर आणखी घालत जाणं मला किती चांगलं जमतं हे तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

शेवटी जमला तो माझ्या हुशारीनं नाही. तुमची ती बांबूची कामटीच मी मागून घेतली, तिचा पोटाकडचा बाक मापून काढला आणि तोच बाक मशीनला दिला. तुमच्या दांडीचं लाकूड चाळीस वर्षांत एका बाजूनं झिजलेलं होतं आणि ती झीज तुम्ही त्या बांबूत हातानं उतरवली होती. ते माप कुठल्याच दुकानात मिळालं नसतं. नवा निळा चाप खटकन बसला, खालचा स्क्रू फिरवला, आठही तारा एका दमात वाजल्या. तुम्ही डोळे मिटून वाजवलंत. समोरच्या कचेरीतली माणसं बाहेर आली. त्या दिवशी मी जेवढा खूश होतो तेवढा लग्नातही नव्हतो. आणि बांबूचा नमुना मी ठेवून घेतला. लागेल पुन्हा मापाला, म्हणालो. तुम्ही म्हणालात, ठेव, आता मला काय करायचाय.

आपला वाद आठवतो का? हा कशाचा, असं तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, हे प्लास्टिक मक्यापासून करतात. तुम्हाला ते पटेना. कणसाचं? कणसाचं. मग म्हशीनं खाल्लं तर? तुमचं म्हणणं एकच, बांबू उन्हात तापतो पण आपला आकार सोडत नाही, मक्याचा काय भरवसा. मी तुम्हाला अडाण्यात काढलं. जग कुठल्या कुठे गेलं मामा, आणि तुम्ही बांबू धरून बसलाय, असं म्हणालो. खरं तर मित्रानं प्रिंटर देताना बजावलं होतं की हे मक्याचं प्लास्टिक कामाला सोपं, पण बंद गाडीत उन्हाचं ठेवू नको, मऊ पडतं. तुम्ही जे न शिकता बोलत होता ते मला शिकवून सांगितलेलं होतं. तरी मी ते तुम्हाला सांगितलं नाही. वाद हरायचा नव्हता.

मग रामनगरची भजन स्पर्धा आली. शिमगा होऊन गेलेला, उन्हं कडक. आपण जीपमधून गेलो. खानापूरकडची मंडळं आलेली, त्यांच्यात दोन-तीन गिटारवाले. मी बरोबर डबाभर चाप नेले होते, दाखवायला. तुम्ही उतरताना मला म्हणालात, सुरेश, मेंडोलिन तेवढं सावलीला आण. मी हो म्हटलं. आणि गिटारवाल्यांकडे गेलो. ते चाप हातात घेऊन बघत होते, कसं केलं विचारत होते, मी सांगत होतो. किती वेळ सांगत होतो मला माहीत नाही. तुमचं मेंडोलिन जीपमध्ये, काचा बंद, दुपारचं ऊन सरळ समोरच्या काचेवर, आणि चाप दांडीवर आवळून लावलेला. आपला नंबर पुकारला तेव्हा मी पळत जाऊन ते काढून आणलं. पिशवीला हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. मी ती तशीच तुमच्या हातात दिली.

आणखी एक गोष्ट तुम्ही त्या दिवशी केली होती, जी मला नंतर कळली. निवेदकाकडे जाऊन तुम्हीच सांगून आला होता, माझं नाव घ्यायला. मंडळ बसलं आणि माइकवर आलं की या मेंडोलिनला लावलेला चाप आपल्याच तालुक्यातल्या सुरेशनं मशीनवर तयार केला आहे. टाळ्या पडल्या. मी लोकांच्या मागे खांबाला टेकून उभा होतो आणि छाती फुगली होती.

पुढचं तुम्हालाही माहीत आहे आणि तिथल्या सगळ्यांना. पहिलं भजन काळी दोनचं. तुम्ही छेडलंत आणि बारीक तारा भलतंच बोलल्या. तुम्ही थांबून खुंट्या पिळल्यात. परत छेडलंत, आता जाड तारा उतरलेल्या. परत पिळल्यात. विठूअण्णांनी पेटीवर सूर धरून ठेवला होता, टाळ थांबले होते, समोरचे लोक खाकरायला लागले होते. तुम्ही मिळवायचात आणि मिळवलेलं तुमच्या हाताखालीच सरकत जायचं. तुम्ही चापावर बोट ठेवून म्हणालात, “ह्यो चाप बघा वो जरा.” शेजारच्या मंडळातनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, नाचता येईना अंगण वाकडं. हशा पिकला. तुम्ही वर बघितलंत, नेमकं माझ्याकडे. मी खाली बघितलं.

मग विठूअण्णांनी हळूच हातानं खूण केली, राहू द्या म्हणून. तुम्ही मेंडोलिन मांडीवर आडवं ठेवलंत आणि उरलेली तिन्ही भजनं टाळ्या वाजवत बसलात. चारच बोटांच्या हाताची टाळी. मी ती लोकांच्या मागून बघत होतो.

तुम्ही उतरल्यावर मेंडोलिन मीच घेतलं. तुमची फार काळजी असल्यासारखं. मंडपामागे जाऊन चाप सोडवला आणि उजेडात धरला. मधोमध उचलला गेला होता, दोन्ही टोकं खाली. डोळ्याला दिसत होतं, हाताला कळत होतं. नाचणाऱ्याचा दोष नव्हता, अंगण खरंच वाकडं होतं मामा, आणि ते मी खिशात घातलं.

परत येताना जीपमध्ये तुम्ही माझ्या शेजारी होता. जंगल सुरू झालं तेव्हा तुम्ही विचारलंत, “चाप बरा हाय न्हवं रं?”

“बरा हाय मामा.”

“मग कान गेला माझा.”

त्यावर मी गप्प बसलो असतो तरी निम्मी लाज कमी असती. पण मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, “वय झालं की व्हतंय मामा. चालायचंच.”

हे वाक्य मी तीन वर्षं पाठ म्हणतोय. आंघोळ करताना आठवतं. कुणी म्हातारा दुकानात आला आणि मोठ्यानं बोल म्हणाला की आठवतं. तुम्ही मान हलवलीत, जणू डॉक्टरनं औषध सांगितलं. आणि घरी पोचेपर्यंत आपल्या खेड्यातल्या कुणाच्या भाताला यंदा किती फुटवे होते त्यावर बोलत राहिलात. मला बरं वाटावं म्हणून बोलत होता असं आता वाटतं.

का नाही सांगितलं? पहिल्या दिवशी सांगितलं नाही कारण माइकवर माझं नाव घेतलं होतं, तेही तुमच्या सांगण्यावरून. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही कारण पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. मग ते रोजचंच झालं. एवढं मात्र केलं, ते मक्याचं प्लास्टिक बंद करून टाकलं. उन्हाला टिकणारं आणलं. ज्यांनी ज्यांनी चाप मागितले त्यांना सगळ्यांना टिकाऊ दिले, दिलेले परत घेऊन बदलूनही दिले. म्हणजे चूक कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं. तिची दुरुस्ती मी सगळ्या तालुक्यात केली, एक तुमचं घर सोडून.

तुम्ही मंगळवारचं यायचं बंद केलंत. मंडळात कुणीतरी कीबोर्ड घेऊन बसायला लागलं. मला कोणी विचारलं की मी म्हणायचो, मामा आता थकले. असं म्हणताना आवाजात माया आणायलाही मी शिकलो होतो. तुमची बांबूची कामटी आणि तो वाकलेला निळा चाप माझ्या टेबलाच्या खणात शेजारी शेजारी पडलेले. कामटी परत द्यायला येईन म्हणायचो. पण कामटी हातात दिली असती तर तुम्ही ती लावून बघितली असती, आणि लावून बघितली असती तर सगळं बरोबर वाजलं असतं. म्हणून दिली नाही. खरं तेच आहे.

आणि तरी एक वेळ अशी आली होती की तुम्ही आपण होऊन दार उघडून धरलंत. वर्षभरापूर्वी तुम्ही दुकानात आलात, हातात दांडेलीच्या एका कानाच्या डॉक्टरचा कागद. स्वतःहून बस पकडून, कुणाला न सांगता, कान तपासून आला होता. इंग्रजी कुणाकडून वाचून घ्यायचं तर माझ्याकडूनच, म्हणालात. मी वाचलं. वयाच्या मानानं दोन्ही कान चांगले, असं लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. तुमच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. तुम्ही काउंटरवर पुढे वाकलात आणि विचारलंत, “मग त्या दिवशीचा सूर?”

बाहेर पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, झेरॉक्सची रांग होती. मशीन चालू होती. तुमच्या आणि माझ्यामध्ये हातभर अंतर होतं आणि खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणालो, “डॉक्टरच्या मशीनला बोलणं ऐकू येतंय का तेवढंच कळतं मामा. सूर येगळा.” तुम्ही कागद घेतलात, पूर्वीसारखीच घडी घातलीत आणि म्हणालात, व्हय, सुराचं त्येला काय कळणार. जाताना काउंटरवर कोनफळांची पिशवी ठेवून गेलात.

त्या संध्याकाळी मी ती कोनफळं उकडून खाल्ली. माझं हे असंच आहे, खाणं कधी अडलं नाही.

तर परवा. पंगती उठल्या, लोक पांगले. दिग्गीकडून जोयड्याला जाणारी शेवटची जीप धरायची म्हणून मीही निघालो होतो. कामटी आणि चाप दोन्ही खिशात होते. कशाला नेले होते मला सांगता येत नाही. बहुतेक कुणी बघत नसताना तुमच्या फोटोसमोर ठेवून यायचं मनात होतं. चोरासारखं. मामींनी ओटीवरनं हाक मारली. भिंतीवरची खुंटी दाखवली. मेंडोलिन टांगलेलं, वर धुतलेली खोळ.

“जरा उतीर ते. आनि तुज्या त्या मोबाईलवर सूर बघतोस न्हवं, ते बघ.”

मी म्हणालो, मामी, इतके दिवस वाजवलेलं नाही, सगळं उतरलेलं असणार. त्या म्हणाल्या, बघ तर. मग सांगितलं त्यांनी. तुम्ही वाजवत नव्हता. पण रोज दुपारी जेवण झालं की ते खुंटीवरनं काढायचात, जुन्या पेटीतली ती पितळी पट्टी, एकच सूर देणारी, तोंडात धरून फुंकायचात, पहिली जोडी तिच्याशी मिळवायचात, मग एकेक करून बाकीच्या. मिळवून झालं की मामींना विचारायचात, “बराबर हाय का गं?” मामी भांडी घासता घासता व्हय म्हणायच्या. मग तुम्ही परत टांगून ठेवायचात. एक भजन नाही, एक ओळ नाही. रोज. अगदी गेलात त्याच्या आदल्या दुपारीही.

मी मोबाईल मांडीवर ठेवला. त्यातल्या सूर दाखवणाऱ्या ॲपला तुम्ही घड्याळ म्हणायचात, काटा मधोमध आला की हिरवं होतं ते. पहिली तार छेडली. हिरवं. तिची जोडीदार, हिरवं. दोन्ही मिळून छेडल्या तर दोन तारा आहेत हे कळेना, एकच आवाज. दुसरी जोडी हिरवी. तिसरी हिरवी. शेवटच्या जोडीतली एक हिरवी आणि एक केसभर उतरलेली, ती बारा दिवसांत उतरली असेल. मी परत पहिल्यापासून सुरू केलं. मला चूक हवी होती, मामा. एखादी जोडी तरी बेसूर निघावी, म्हणजे खरंच वय झालं होतं म्हणता येईल, अशी माझी शेवटची आशा होती. पुन्हा तेच निघालं.

मामी समोर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी अगदी तुमच्यासारखंच विचारलं.

“बराबर हाय का रं?”

“व्हय मामी. बराबर हाय.”

“मग रामनगरात त्या दिवशी काय झालतं?”

मी खिशात हात घातला आणि दोन्ही वस्तू बाहेर काढून ओटीवर ठेवल्या. सांगितलं. गाडीतलं ऊन, मंडपामागचा उजेड, जीपमधलं वाक्य, डॉक्टरचा कागद. काही गाळलं नाही, फक्त 'सुटलो' हा शब्द तेवढा गाळला. तो आज इथे घातला. मामींनी निळा चाप उचलला, डोळ्यासमोर आडवा धरून बाक बघितला, जसं सुपाचा काठ सरळ आहे का बघतात. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, सुम्म, बोलू नको. चाप बोटांत फिरवत त्या बोलल्या, पण माझ्याशी नव्हे, भिंतीवरच्या खुंटीकडे बघून.

“म्हंजे मी खरंच सांगत हुते त्येनला. मला वाटायचं, न कळता व्हय म्हनतोय, पाप लागंल.”

मला कळत होतं आणि मी खोटं बोललो. त्यांना कळत नव्हतं आणि तीन वर्षं त्या रोज खरं बोलल्या.

मी म्हटलं, ती एक तार उतरलीय, तेवढी मिळवून देतो. तारेच्या खुंटीला हात लावणार तोच त्यांनी माझा हात बाजूला केला. त्येनी लावलीया तशी ऱ्हाऊ दे, म्हणाल्या. मग बांबूची कामटी पदराला पुसून त्यांनी मेंडोलिनच्या खोळीत सरकवली आणि निळा चाप माझ्या हातात परत दिला.

“हे मला सांगून काय उपेग? तुजं नाव माइकवर घेतलं हुतं. हे बी माइकवरच सांग. गुरवारी भजनाला सगळे असत्यात. आनि लिवून आन. तोंडी सांगशील तर गाळशील.”

तुमची बायको मला चांगली ओळखते मामा. तुम्हाला ओळखता आलं नाही, किंवा आलं असून तुम्ही कोनफळं ठेवून गेलात. हा एक प्रश्न आता कायमचा माझ्याकडे राहिला. तुम्हाला ठाऊक होतं का? मंडपात वर बघितलंत ते कशासाठी? डॉक्टरचा कागद घेऊन माझ्याच दुकानात का आलात, जोयड्यात इंग्रजी वाचणारे दुसरे कोणी नव्हते का? मला सांगायची संधी देत होता, असं मनात येतं. पण रोज दुपारी मामींना 'बराबर हाय का' विचारणारा माणूस काही जाणून होता असं वाटत नाही. तुम्ही खरंच विचारत होता. तुम्हाला खरंच कळत नव्हतं. ज्याच्या कानावर अख्खं मंडळ सूर धरायचं तो माणूस भांडी घासणाऱ्या बायकोला विचारत होता, आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो तास दीड तासाच्या वाटेवर दुकान उघडून बसला होता.

म्हणून हे लिहून काढलं. गुरुवारी देवळात विठूअण्णा पेटीवर असतील, टाळकरी असतील, त्या दिवशीच्या हशाची आठवण असलेलं सगळं मंडळ असेल. मामी खांबाशी बसतील. मी हा निळा चाप सगळ्यांना दिसेल असा वर धरणार आहे आणि पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. माझा मला भरवसा नाही. मध्येच आवाज जाईल, किंवा लोकांची तोंडं बघून मी चार ओळी उडवीन. तसं झालं तर मामींनी हा कागद माझ्या हातातून काढून विठूअण्णांकडे द्यावा. आणि बाकी काहीच वाचलं गेलं नाही तरी या शेवटच्या दोन ओळी माइकवर मोठ्यानं वाचाव्यात.

तुकामामांचा कान शेवटच्या दिवसापर्यंत चांगला होता. चाप वाकला होता, तो मी केलेला होता, आणि मला माहीत होतं.